रणगाडा सुरू कोण करतो?

१ जून १९४८ रोजी एसटीची पहिली बस नगरहून पुण्याला निघाली. गाडी बेडफर्डची, वर लाकडी बॉडी. एसटीचा वाढदिवस म्हणून ही तारीख दरवर्षी आपल्या व्हॉट्सॲपवर येतेच. त्याच वर्षी, त्याच नगरमध्ये रणगाडा दलाच्या वेगवेगळ्या प्रशिक्षण संस्था एकत्र करून आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल उभं राहिलं. ही गोष्ट मात्र कुणी फारसं फॉरवर्ड करत नाही. आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला, नगरपासून खूप लांब झोजिला खिंडीत, साडेतीन हजार मीटर उंचीवर, बर्फ पडत असताना भारतीय रणगाडे समोरच्या ठाण्यांवर चालून गेले.

१९४८ मध्ये आणखी एक प्रकरण गाजलं, ते लंडनहून मागवलेल्या जुन्या जीपगाड्यांचं. त्याकडे पुढे येतोच.

बस, रणगाडा आणि जीप. शाळेत या तीन गोष्टी तीन वेगळ्या धड्यांत येतात, किंवा येतच नाहीत. मला त्या एकाच इतिहासाच्या वाटतात, आणि त्या इतिहासात लढाईइतकीच दुरुस्तीही आहे. पाना हातात घेऊन गाडीखाली झोपलेल्या माणसाचा तो इतिहास आहे. तो लिहिला गेला नाही, आणि ज्यांना तो तोंडपाठ आहे ती माणसं आता ऐंशीच्या आसपास आहेत.

*

मी आण्याचा. जुन्नर तालुक्याच्या पूर्व टोकाचं, पठारावरचं गाव. कल्याणहून माळशेज चढून आलेला रस्ता ओतूर, आळेफाटा, बेल्हे करत आणे घाट चढतो, आमच्या गावातून पारनेर तालुक्यात उतरतो आणि नगरला जातो. नगरचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण आमच्याकडे तोंडात अजून 'नगर'च आहे. बाकीच्या जुन्नरला धरणांचं पाणी आहे, ऊस आहे, द्राक्षं आहेत. आमच्या पठाराला पावसाची वाट बघणं आहे. म्हणून माणसं पहिल्यापासून बाहेर पडली. कुणी मुंबईला गोदीत, कुणी पुण्याला कारखान्यात.

या रस्त्यानं मिलिटरीच्या गाड्यांचा ताफा जायला लागला की आम्ही पोरं मोजत उभे राहायचो. हिरव्या गाड्या, ताडपत्री, मागे बसलेले जवान. हात केला की तेही हात करायचे. ते कुठून येतात, नगरला काय करतात, हे कुणी सांगितलं नव्हतं. पुढे इंजिनिअरिंग केलं, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये लागलो. तिथे माझं बरंचसं काम म्हणजे दहा-बारा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलेला कोड बंद पडू न देणं. लिहिणारा कंपनी सोडून गेलेला असतो, कागदपत्रं अर्धवट असतात, आणि कोड मात्र रोज चालायलाच हवा असतो. या नोकरीमुळे मला जुन्या गाड्यांचं वेड लागलं की उलट, हे सांगणं अवघड आहे.

*

नगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम फेब्रुवारी १९९४ मध्ये सुरू झालं. उद्घाटन तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांनी केलं. आवारात पन्नासेक वाहनं आहेत. 'आशियातलं एकमेव' असं त्याच्याबद्दल सांगितलं जातं, पण ते तितकंसं खरं नाही. इस्रायलमधल्या लातरूनला रणगाड्यांचं मोठं संग्रहालय त्याच्या आधीपासून आहे. तो किताब नसला तरी नगरच्या संग्रहालयाचं काही बिघडत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या रोल्स-रॉइसच्या चिलखती गाडीपासून जपानी हा-गो आणि ची-हा रणगाड्यांपर्यंत, ब्रिटिश व्हॅलेंटाइनपासून आपल्या विजयंतापर्यंत इतकी विविधता एका आवारात सहसा सापडत नाही.

तिथे गेलात तर एक करून बघा. तोफेकडे बघायच्या आधी मागच्या बाजूला जा, जिथे इंजिन असतं.

माटिल्डा नावाचा ब्रिटिश रणगाडा तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला उत्तर आफ्रिकेत त्यानं इटालियन सैन्याला घाम फोडला होता. त्याच्या पोटात एईसी कंपनीची दोन डिझेल इंजिनं असायची. एईसी म्हणजे लंडनच्या बस बनवणारी कंपनी. थोडक्यात, माटिल्डा चालायचा दोन बसच्या इंजिनांवर. चर्चिल रणगाडा व्हॉक्सहॉल कंपनीनं बनवला आणि त्याला बारा सिलिंडरचं बेडफर्ड इंजिन बसवलं. बेडफर्ड ही व्हॉक्सहॉलचीच ट्रकची शाखा. म्हणजे १९४८ मध्ये नगरहून निघालेली एसटी आणि नगरला येऊन थांबलेला चर्चिल ही एकाच घराण्यातली भावंडं आहेत. सेंच्युरियनच्या मीटिओर इंजिनाचं मूळ आणखी लांब जातं. स्पिटफायर विमानात जे रोल्स-रॉइस मर्लिन होतं, त्याचाच हा जमिनीवर आणलेला अवतार. सत्तावीस लिटरचं पेट्रोल इंजिन, साडेसहाशे हॉर्सपॉवर.

सेंच्युरियनचं वजन पन्नास टनांच्या घरात. सुरुवातीच्या मॉडेलांची टाकी साधारण साडेचारशे लिटरची, आणि तेवढ्यात तो जेमतेम शंभर किलोमीटर जायचा. हिशेब करा, एका किलोमीटरला साडेचार लिटर पेट्रोल. आण्याहून भरलेल्या टाकीनं निघाला तर नगर गाठेल, पण परत येताना टाकळी ढोकेश्वरपर्यंत पोचेल की नाही याची शंका आहे. म्हणून प्रत्येक रणगाड्यामागे पेट्रोलचे ट्रक, सुट्या भागांचे ट्रक, ओढून नेणारी गाडी आणि मिस्त्री असा सगळा संसार चालत असतो. तोफेच्या पुढे काय झालं ते इतिहासाच्या पुस्तकात असतं, आणि मागच्या संसाराचा उल्लेख सहसा एका ओळीत आटपतो.

*

झोजिलाचंच घ्या. १९४८ च्या पावसाळ्यात पायदळानं खिंड घ्यायचे प्रयत्न केले, ते फसले. लेहचा रस्ता अडला होता. जनरल थिमय्यांनी ठरवलं की रणगाडे वर न्यायचे. ७ कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे, नेतृत्व लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग यांचं. त्यांना सगळे 'स्पॅरो' म्हणत. स्टुअर्ट तसा हलका रणगाडा, तरी वाटेतल्या पुलांना तो झेपणारा नव्हता. मग तोफेचे घुमट उतरवले. रणगाडा हलकाही झाला आणि लांबून ओळखू येईनासाही झाला. बालताल गाठल्यावर घुमट पुन्हा चढवले. मद्रास सॅपर्सनी खेचरांची वाट रणगाडा जाईल इतकी रुंद केली. मग १ नोव्हेंबरला हल्ला झाला आणि खिंड हाती आली.

आता यातलं खरं कठीण काम कुठलं? घुमट उतरवायचा म्हणजे क्रेन किंवा चेन-कप्पी, बोल्ट, वायरिंग, आणि परत बसवताना सगळं जागच्या जागी. ते थंडीत, गुपचूप आणि वेळेत करायचं होतं. उंचीवर हवा विरळ, इंजिनाला दम लागतो, थंडीत तेल गोठतं. गोळा झाडायच्या आधी काही आठवडे ही लढाई पान्यांनी लढली गेली होती. त्या मिस्त्रींची नावं मला कुठे वाचायला मिळालेली नाहीत.

दुसरं उदाहरण पुण्याशी नातं सांगणारं आहे. पूना हॉर्स ही रेजिमेंट १८१७ मध्ये पुण्यात उभी राहिली, घोडदळ म्हणून. पुढे घोडे गेले, रणगाडे आले, नाव तेच राहिलं. १९६५ च्या युद्धात तिचे लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर आणि १९७१ मध्ये सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, दोघांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. खेत्रपालांचा जन्म पुण्याचाच, १९५० चा. १६ डिसेंबर १९७१ रोजी, म्हणजे ढाक्यात शरणागती झाली त्याच दिवशी, बसंतर नदीच्या लढाईत ते गेले. वय एकवीस. त्यांच्या सेंच्युरियनचं नाव होतं 'फामागुस्ता', सायप्रसमधल्या एका बंदराचं. रणगाड्याला गोळा लागून आग लागली, मागे यायचा हुकूम झाला, तेव्हा तोफ अजून चालते आहे म्हणून त्यांनी रणगाडा सोडला नाही. ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते.

कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट पुढची. तो जखमी फामागुस्ता नंतर दुरुस्त केला गेला आणि नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन करून ठेवला गेला. आमच्या गावावरून जो रस्ता जातो, त्याच रस्त्याच्या टोकाला तो आहे. मला त्या दुरुस्तीचा विचार अनेकदा येतो. ज्या पत्र्याआड एकवीस वर्षांचा मुलगा गेला, तो पत्रा कुणीतरी आतून पुसला असेल. जळलेल्या वायरी काढल्या असतील. मग त्यानं कुठलं भोक बुजवायचं आणि कुठलं तसंच ठेवायचं, हे ठरवलं असेल. जुनी गाडी नीट करण्यातला सगळ्यात अवघड प्रश्न तोच असतो. सगळं नवं केलं तर इतिहास पुसला जातो, आणि काहीच केलं नाही तर गंज पुसून टाकतो.

*

आपल्याकडे रणगाडा ठेवायची पद्धत ठरलेली आहे. चौथरा, रंग, पाटी, चार बाजूंना साखळी. १९६५ च्या सप्टेंबरात पंजाबातल्या असल उत्तरला पाकिस्तानचे जवळपास शंभर रणगाडे नष्ट झाले किंवा हाती लागले. त्यात अमेरिकन पॅटन पुष्कळ होते. तेव्हापासून पकडलेले पॅटन चौकांत, छावण्यांत उभे राहिले. पुढे आपले स्वतःचे विजयंता आणि टी-५५ निवृत्त झाले आणि तेही शाळा-कॉलेजांच्या आवारांत आले. पोरं तोफेवर बसून फोटो काढतात. मीही काढला आहे.

पण पॅटन हरला कसा, हे चौथऱ्यावर कळत नाही. भारतीय सैन्यानं उसाच्या शेतांत पाणी सोडलं होतं, आणि चाळीस टनांहून जड रणगाडे चिखलात रुतले. जुन्नरमध्ये ज्यानं पावसाळी रानातून उसाची ट्रॉली बाहेर काढली आहे त्याला हे शिकवावं लागत नाही. ट्रॅक्टर जितका रेस कराल तितका खाली बसतो. इंजिनाची ताकद, वजन आणि जमीन यांचं गणित जुळलं नाही की जगातला आधुनिक रणगाडाही बांधावर अडकतो. उभा रणगाडा विजय सांगतो. तो विजय कसा मिळाला, हे चालत्या रणगाड्याकडे पाहिल्यावर जास्त समजतं.

विजयंताची तर आणखी बोलकी गोष्ट आहे. ब्रिटिश व्हिकर्स कंपनीच्या परवान्यावर मद्रासजवळच्या आवडीच्या हेवी व्हेइकल्स फॅक्टरीत पहिला विजयंता १९६५ च्या डिसेंबरात तयार झाला. भारतात बनलेला पहिला रणगाडा. त्यात लेलँडचं एल-६० नावाचं इंजिन होतं, आणि ते त्याच्या दुखण्यांसाठी ब्रिटिश सैन्यातही बदनाम होतं. तरी विजयंता आपल्याकडे कित्येक दशकं टिकला. म्हणजे तितकी वर्षं कुणीतरी ते दुखणं रोज सांभाळत होतं.

*

आता त्या जीपगाड्या. १९४८ मध्ये काश्मीरच्या लढाईसाठी गाड्या तातडीनं हव्या होत्या. लंडनमधले भारताचे उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी ८० लाख रुपयांचा सौदा केला, युद्धात वापरून झालेल्या, दुरुस्त केलेल्या जीपगाड्यांचा. बहुतेक पैसे आधी दिले गेले. उतरल्या त्या १५५ गाड्या, आणि त्याही कामाच्या नव्हत्या. स्वतंत्र भारतातला पहिला मोठा घोटाळा म्हणून हे प्रकरण गाजलं, १९५५ मध्ये सरकारनं ते बंद केलं. 'रिस्टोअर केलेली मिलिटरी गाडी' हा शब्द वापरताना मला हे प्रकरण नेहमी आठवतं. रंग नवा दिसला म्हणजे गाडी दुरुस्त झाली असं नसतं. ते फक्त चाव्या फिरवल्यावर कळतं.

पुढची गोष्ट विलक्षण आहे. हेच कृष्ण मेनन १९५७ मध्ये संरक्षणमंत्री झाले, आणि त्यांच्या काळात १९५९ मध्ये जबलपूरला सैन्यासाठी देशात ट्रक बनू लागला. जर्मनीच्या एमएएन कंपनीचा परवाना, नाव 'शक्तिमान'. पाठोपाठ निसानच्या परवान्यावर एक टनी गाडी आणि जोंगा आली. 'जोंगा' हा शब्द जपानी वाटतो, पण तो जबलपूरच्या कारखान्याच्या इंग्रजी नावातल्या अक्षरांतून जुळवलेला आहे. २०१९ मध्ये धोनीनं एक जुनी जोंगा घेतली आणि एका पिढीला हा शब्द पहिल्यांदा कळला.

सैन्याच्या सेवेतून उतरलेल्या अशा गाड्यांना आपल्याकडे 'डिस्पोजलची गाडी' म्हणतात. सरकारी खात्याचं नाव होतं 'सप्लाइज अँड डिस्पोजल्स', त्यातला अर्धा शब्द गावागावांत पोचला. महायुद्ध संपल्यावर फोर्ड, विलीज, डॉज अशा गाड्या लिलावात निघाल्या. पुढे जबलपूरच्या गाड्याही निघाल्या. त्यांनी दगड वाहिले, पाणी वाहिलं, वऱ्हाडं नेली. इंची पाने आणि एमएमचे पाने असे दोन वेगळे संच मिस्त्री का ठेवायचा, याचं उत्तरही यातच आहे. अमेरिकन-ब्रिटिश गाडी इंचात, जर्मन-जपानी घराण्यातली मिलिमीटरमध्ये.

*

आमच्याकडे एक शक्तिमान आहे. मी आणि दोन मित्र, एक बेल्ह्याचा, एक नारायणगावचा, अशी तिघांची भागी. एका खडी क्रशरवर ती पाण्याची टाकी पाठीवर घेऊन वर्षानुवर्षं उभी होती. भंगाराच्या भावानं घेतली. ओढून पठारावर आणायलाच एक दिवस गेला.

इंजिन जाम होतं. यूट्यूबवर शक्तिमान उघडून दाखवणारं फारसं काही मिळालं नाही. शेवटी भावकीतले आप्पा कामाला आले. आप्पा खडकीच्या आर्मी बेस वर्कशॉपमध्ये फिटर होते. चिलखती गाड्यांची मोठी दुरुस्ती जिथे होते ते हे वर्कशॉप. निवृत्त होऊनही त्यांना वीस वर्षं झाली आहेत. त्यांनी बाजेवर बसून आधी अर्धा तास काहीच केलं नाही. मग म्हणाले, "अरे, फ्लायव्हील हातानं फिरवून बघ. कुठं अडतंय ते मला सांग, इंजिन खोलायची घाई करू नको." आम्ही पहारीनं फिरवत होतो आणि आप्पा डोळे मिटून ऐकत होते. तिसऱ्या सिलिंडरचं नाव त्यांनी घेतलं. उघडल्यावर तिसऱ्यातच गंज निघाला.

पुढे दीड वर्ष लागलं. डिझेल पंप आळेफाट्याला खोलून बसवला. जे बुश मिळत नव्हते ते भोसरीत लेथवर करून घेतले. गॅस्केट हातानं कापली. ब्रेकची लायनिंग, रबरी पाइप, वायरिंग नवीन. दाराच्या आत जुन्या रंगाचा एक तुकडा होता, तो आप्पांनी घासू दिला नाही. "तिचा तेवढा दाखला राहू दे," एवढंच म्हणाले.

आता ती चालते. लिटरला अडीच-तीन किलोमीटर. रस्त्यावर नेत नाही, पठारावरच्या आमच्याच रानात महिन्यातून एकदा फिरवतो, नाहीतर सील सुकतात आणि डिझेल खराब होतं. रंगदास स्वामींच्या यात्रेला आमटी-भाकरीच्या महाप्रसादासाठी लांबून माणसं येतात, तेव्हा काही जण वळून बघायला येतात. एका आजींनी पायरीवर हात ठेवून विचारलं, "ही गाडी आमच्यात पाणी घेऊन यायची तीच का रं?" तीच असेल असं नाही, पण तसलीच होती. रणगाड्याच्या चौथऱ्यापाशी हा प्रश्न कुणी विचारत नाही.

*

गाडी रस्त्यावर का नेत नाही, याचं कारण कायद्यात आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं पहिल्यांदाच विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, नंबरात 'व्हीए' अक्षरं, नवीन नोंदणीला वीस हजार रुपये फी. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांसाठी चालवायची मुभा. नियम चांगले आहेत. पण ते खासगी वापराच्या दुचाकी आणि मोटारींसाठी आहेत. ट्रक त्यात बसत नाही, कारण ट्रक म्हणजे मालवाहू वाहन. राजाची रोल्स-रॉइस वारसा ठरते, आणि सैन्याला पहाडावर रेशन पोचवणारी शक्तिमान फक्त जुनं व्यावसायिक वाहन. शिवाय मूळ चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको ही अट. जिनं तीस वर्षं घाम गाळला तिचं इंजिन बदललेलं नसेल, ही अपेक्षा कधी न वापरलेल्या गाडीकडूनच करता येते.

दुसरीकडे पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द होऊ लागली, त्या भंगारात जातात. संरक्षणाच्या प्रत्यक्ष कामातली चिलखती आणि खास वाहनं यातून वगळली आहेत. धूर कमी व्हावा हा हेतू मला पटतो, पुण्यात राहून तो न पटणं शक्य नाही. पण प्रत्येक प्रकारची दोन-चार अवजड वाहनं तरी चालू स्थितीत ठेवायची सोय याच कायद्यात करता आली असती. तोफेसकट रणगाडा कुणाच्या खासगी दारात असावा असं माझं म्हणणं अजिबात नाही. ट्रक, ओढगाडी, पाण्याची टाकी, वर्कशॉपची गाडी, एवढ्यांपुरतंच मी बोलतो आहे.

या हौसेची एक बाजू मी आणे सोडून पूर्वेला गेलो की दिसते. रणगाड्यांना सरावाला जमीन लागते. नगरजवळचं के. के. रेंज, म्हणजे खारे कर्जुने, हे सरावाचं मैदान. नगर, पारनेर, राहुरी या तालुक्यांतली गावं कित्येक वर्षं सराव क्षेत्राच्या अधिसूचनेखाली आहेत. जमीन कधी जाईल या धास्तीत तिथे विहीर खोदायची की नाही, घर बांधायचं की नाही हे ठरवलं जातं. पारनेरमध्ये आमचे पाव्हणे आहेत, तोफांचा आवाज आला की त्यांना आधी सातबारा आठवतो. रणगाड्याचा इतिहास सांगताना या शेतकऱ्यांना वगळलं तर तो पुन्हा चौथऱ्यावरचाच इतिहास होईल.

*

बाहेर काय करतात? इंग्लंडमध्ये डॉर्सेटच्या बोव्हिंग्टनला टँक म्युझियम आहे. तिथे 'टायगर १३१' नावाचा जर्मन रणगाडा आहे, एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात पकडलेला. वर्षानुवर्षांच्या दुरुस्तीनंतर तो पुन्हा चालू झाला. २०१४ च्या 'फ्युरी' सिनेमात दिसतो तो हाच. आज त्यात बसवलेलं इंजिन मूळचं नाही, कारण मूळ इंजिन आतून दिसावं म्हणून कापून ठेवलं होतं. म्हणून त्याला कुणी नकली म्हणत नाही. वर्षातून मोजक्या दिवशी तो मैदानात फिरतो, हजारो लोक तिकीट काढून येतात आणि त्या पैशांतून बाकीच्यांची दुरुस्ती होते. चालवल्यानं झीज होते हे त्यांनाही माहीत आहे. पण चालवलं नाही तर चालवायचं कसं हेच विसरलं जातं, ही झीज जास्त मोठी.

खासगी संग्रहाचंही उदाहरण आहे. कॅलिफोर्नियात जॅक लिटलफील्ड नावाच्या गृहस्थानं दोनशेहून अधिक लष्करी वाहनं जमवली आणि स्वतःच्या वर्कशॉपमध्ये नीट केली. २००९ मध्ये ते गेले, संग्रह एका संस्थेला गेला, आणि २०१४ मध्ये त्यातल्या बऱ्याच गाड्या लिलावात विकल्या गेल्या. गाड्यांना नवे मालक मिळाले. एका वर्कशॉपमध्ये एकत्र काम करणारी माणसं मात्र लिलावात मिळत नाहीत.

आपल्याकडे तशी माणसं अजून आहेत. खडकी, आवडी, जबलपूर, एसटीच्या कार्यशाळा, जुन्या डिझेल पंपाची दुकानं. पंधरा वर्षांनी असतील का, मला शंका आहे.

आप्पांना आता ऐकू कमी येतं. वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेल्या बऱ्याच जणांचं तसं होतं. आवाजावरून आजार सांगणाऱ्या माणसाचे कान जाणं म्हणजे काय, हे शक्तिमानच्या बॉनेटपाशी उभं राहिल्यावर कळतं. आता ते बोनेटवर तळहात ठेवतात आणि थरथर कशी आहे त्यावरून सांगतात. अजून तरी बरोबर सांगतात.

म्हणून गेल्या दिवाळीपासून मी एक साधी फाइल ठेवली आहे. तीन रकाने: आवाज, कारण, उपाय. पहिल्या रकान्यात मोबाइलवर रेकॉर्ड केलेला आवाज, बाकी दोन आप्पांच्या शब्दांत. 'थंडीत पहिल्या स्टार्टला पांढरा धूर आणि ठोके, दोन मिनिटांत जातात: काळजी नको.' 'चढाला शिट्टीसारखा आवाज: मॅनिफोल्डचं गॅस्केट बघ.' अशा एकेचाळीस नोंदी झाल्या आहेत. काही शब्दांना मला प्रमाण मराठी माहीत नाही, इंग्रजीही नाही. ते आप्पा म्हणतात तसेच लिहिले आहेत.

तुमच्या घरात, भावकीत, गल्लीत असं कुणी असेल, लष्कराच्या वर्कशॉपमधून, एसटीच्या डेपोतून, एखाद्या कारखान्यातून निवृत्त झालेलं, तर या सुट्टीत त्यांच्यापाशी बसा आणि रेकॉर्डर सुरू करा. पहिला प्रश्न लढाईचा विचारू नका. गाडी सुरू होत नसेल तर तुम्ही आधी काय बघायचात, तेवढं विचारा. मग ते थांबणार नाहीत.